घरासमोरचा बर्फ काढायचं फावडं कसं निवडावं?

माझ्याकडे दहावीला असलेली एक मुलगी लग्नानंतर अमेरिकेत, शिकागोजवळ राहायला गेली. गेल्या हिवाळ्यात तिच्या बाळंतपणासाठी अब्बू-अम्मी तिकडे गेले होते. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ, आणि तिचा फोन आला. "टीचर, रात्रभर बर्फ पडलाय, हे ड्युटीवर गेलेत आणि अब्बू फावडं घेऊन बाहेर निघालेत. तुमचं ऐकतात, जरा सांगा ना त्यांना." अब्बूंचं वय चौसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांचं म्हणणं एकच, "सारी उम्र शेतात फावडं चालवलंय. हा तर कापूस आहे, कापूस!"

कापसासारखा दिसतो हे खरं. पण कापसासारखा हलका असतोच असं नाही. आपली कितीतरी मुलं-मुली आज शिकागो, न्यू जर्सी, टोरंटो अशा ठिकाणी घर घेऊन राहतात. तिथे गॅरेजपासून रस्त्यापर्यंत घराची स्वतःची वाट असते, तिला ड्राइव्हवे म्हणतात. त्या वाटेवरचा बर्फ घरच्यांनाच काढावा लागतो. त्यासाठी लागणारं फावडं ही वीस-तीस डॉलरची साधी वस्तू, म्हणून कोणी फार विचार न करता समोर दिसेल ते उचलतो. पण चुकीच्या फावड्यामुळे कंबर धरते, आणि कधी कधी गोष्ट छातीपर्यंत जाते. म्हणून हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

आधी वजनाचा हिशेब

फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडू. एका गाडीपुरता ड्राइव्हवे साधारण ३ मीटर रुंद आणि १० मीटर लांब धरू. म्हणजे ३० चौरस मीटर जागा. त्यावर १५ सेंटीमीटर बर्फ पडला तर साडेचार घनमीटर बर्फ झाला.

कडक थंडीत पडलेला कोरडा, भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला सुमारे १०० किलो भरतो. म्हणजे एकूण ४५० किलो. सिमेंटच्या ५० किलोच्या ९ गोण्या. तापमान शून्याच्या आसपास असताना पडणारा ओला बर्फ मात्र घनमीटरला ३०० किलोपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा त्याच वाटेवर १३५० किलो बर्फ असतो. २७ गोण्या! डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे दिसतात.

आता एका फावड्यात किती मावतो ते पाहू. १८ इंच रुंदीचं मध्यम फावडं भरलं तर कोरडा बर्फ साधारण अडीच किलो येतो. तोच ओला असेल तर ७ किलो. २४ इंची मोठ्या पात्यात ओला बर्फ शिगोशीग भरला तर १४ किलोपर्यंत वजन होतं. त्यात फावड्याचं स्वतःचं दीड-दोन किलो मिळवा. आणि हे वजन शरीराजवळ नसतं. लांब दांड्याच्या टोकाला असतं, त्यामुळे कमरेवर त्याचा ताण कितीतरी जास्त पडतो. पाण्याची भरलेली बादली अंगाजवळ धरून उचला आणि मग हात लांब करून उचलून बघा, फरक लगेच कळेल.

मध्यम फावड्याने हा ड्राइव्हवे साफ करायचा तर जवळजवळ १९० वेळा ते भरावं लागेल. म्हणून निवडीचं पहिलं सूत्र हेच की जे फावडं कमी उचलायला लावतं, ते चांगलं. जास्त मावतं ते चांगलं, असं नाही.

आपलं फावडं वेगळं, हे वेगळं

आपल्या शेतातल्या, बांधकामावरच्या फावड्याचं पातं दांड्याशी काटकोनात, आपल्याकडे वळलेलं असतं. आपण ते मातीत मारतो आणि स्वतःकडे ओढतो. उचलायचं काम घमेलं करतं. बर्फाच्या फावड्याचं पातं दांड्याच्या पुढे, सुपासारखं असतं. ते पुढे ढकलायचं किंवा खाली घालून उचलायचं असतं. त्यामुळे शेतातली सवय इथे फारशी कामाला येत नाही. ताकद तीच लागते, पण ती वेगळ्या स्नायूंची.

मुख्य प्रकार

ढकलायचं फावडं. याचं पातं रुंद, बहुधा २४ ते ३६ इंच, कमी उंचीचं आणि पुढून गोलाई दिलेलं असतं. ट्रकपुढे लावतात त्या लोखंडी पात्याची छोटी आवृत्तीच समजा. बर्फ उचलायचा नाही, लोटत कडेला न्यायचा. ५ ते १० सेंटीमीटर ताजा बर्फ आणि सपाट वाट असेल तर याच्यासारखं सोपं काही नाही. पण याच रुंद पात्याने बर्फ उचलायला गेलात तर कंबर गेलीच म्हणून समजा.

उचलायचं फावडं. पातं अरुंद आणि खोलगट, साधारण १४ ते १८ इंच. दाट बर्फ, पायऱ्या, दारासमोरची छोटी जागा आणि कडेचा ढीग यांसाठी हे लागतं. पातं लहान असल्यामुळे ओझं आपोआप मर्यादित राहतं. दुकानात ते लहान वाटतं आणि माणूस मोठ्याकडे वळतो. तिथेच चूक होते.

दुहेरी कामाचं फावडं. १८ ते २४ इंच रुंद, थोडं गोल, थोडं खोल. ढकलताही येतं, उचलताही येतं. घरात एकच फावडं ठेवायचं असेल तर यातलं १८ ते २० इंची घ्यावं.

वाकड्या दांड्याचं फावडं. याच्या दांड्याला मध्येच बाक असतो. त्यामुळे बर्फात पातं घालताना पाठ कमी वाकते. ज्यांची कंबर आधीच दुखरी आहे त्यांना याचा उपयोग होतो. मात्र बर्फ लांब फेकताना काहींना ते हातात फिरल्यासारखं वाटतं, म्हणून घेण्यापूर्वी हातात धरून पाहावं.

घसरगाडीचं फावडं. मोठं टबासारखं पातं आणि त्याला उलट्या यू आकाराचा दांडा. दोन्ही हातांनी पकडून पातं बर्फात सरकवायचं, भरलं की घसरत नेऊन रिकामं करायचं. उचलणं जवळपास नाहीच. जिथे बर्फ फार पडतो अशा भागांत, विशेषतः कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, हे घरोघरी दिसतं. पण बर्फ टाकायला पुढे मोकळी जागा हवी.

बर्फ खरवडायचं हत्यार. अरुंद, सरळ, जाड पोलादी पातं. तुडवून कडक झालेला थर फोडायला हे लागतं. हे काम प्लास्टिकच्या फावड्याने केलं की फावडं तरी तुटतं नाहीतर मनगट तरी मुरगळतं.

पातं कशाचं हवं?

प्लास्टिकचं पातं वजनाला हलकं असतं, त्याला ओला बर्फ कमी चिकटतो आणि फरशीवर ओरखडे पडत नाहीत. पण स्वस्त प्लास्टिक कडक थंडीत ठिसूळ होतं आणि कडेने तडकतं. पॉलिकार्बोनेटसारखं मजबूत प्लास्टिक असेल तर जास्त टिकतं.

ॲल्युमिनियम हलकं आणि प्लास्टिकपेक्षा कडक. दाट बर्फातही चांगलं शिरतं. मात्र दगडावर आपटलं तर कड वाकते.

पोलाद सगळ्यांत मजबूत आणि सगळ्यांत जड. रोजच्या ताज्या बर्फासाठी इतकं वजन कशाला वाहायचं? गोठलेल्या थरासाठी मात्र ते उपयोगी.

पात्याच्या खालच्या कडेला धातूची पट्टी आहे का ते पाहा. पट्टीमुळे कड झिजत नाही आणि चिकटलेला बर्फ निघतो. डांबरी किंवा साध्या काँक्रीटच्या वाटेवर ती चालते. पण वाटेवर विटांसारखे रंगीत ठोकळे बसवले असतील, किंवा बर्फ लाकडी डेकवरचा काढायचा असेल, तर धातूची पट्टी टाळा. ती ओरखडे पाडते आणि ठोकळ्यांच्या फटीत अडकते. फावडं असं अचानक अडकलं की दांडा थेट पोटात किंवा छातीत बसतो.

दांडा आणि मूठ

सगळे पात्याकडे बघतात, दांड्याकडे कोणी बघत नाही. खरं तर कंबर वाचवणारा दांडाच असतो. फावडं सरळ उभं केलं की त्याची मूठ साधारण तुमच्या छातीपर्यंत यावी. दांडा आखूड असेल तर दर खेपेला वाकावं लागतं, फार लांब असेल तर टोकाचं ओझं वाढतं.

घरात नवरा सहा फूट आणि बायको पाच फूट असेल तर एकाच फावड्यात दोघांचं भागत नाही. अशा घरी दोन फावडी घ्या. लांबी कमी-जास्त करता येणारे दांडेही मिळतात, पण त्यांचा खटका मजबूत आहे का ते पाहा. बर्फाने भरलेलं फावडं हातात असताना तो सटकला तर दुखापत ठरलेली.

लाकडी दांडा हाताला गार लागत नाही, पण जड असतो आणि ओलसर जागी ठेवला तर खराब होतो. फायबरग्लासचा दांडा हलका, मजबूत आणि पाण्याने न बिघडणारा. धातूचा दांडा हातमोज्यातूनही गार लागतो, म्हणून त्यावर रबर किंवा फोमचं आवरण हवं.

मूठ इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असावी, आणि तिच्यात जाड हातमोजा घातलेला हात सहज जावा. काही फावड्यांना दांड्याच्या मध्यावर दुसरी मूठ बसवलेली असते, किंवा ती वेगळी विकत मिळते. खालचा हात त्या मुठीवर ठेवला की पाठ कमी वाकते.

दुकानात पाच मिनिटं द्या

हातमोजे घालूनच दुकानात जा. फावडं उचला. रिकामंच जड वाटत असेल तर जागेवर ठेवून द्या, भरल्यावर ते काय होईल याचा अंदाज आला. जमिनीवर पातं टेकवून ढकलायच्या पवित्र्यात उभे राहा, पाठ फार वाकते का ते पाहा. दांडा पात्याला जिथे जोडला आहे ती जागा तपासा. बहुतेक फावडी तिथेच मोडतात. नुसत्या एका छोट्या स्क्रूवर सगळा भार असेल तर घेऊ नका. आणि खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच करा. वादळाचा इशारा आला की दुकानातली चांगली फावडी आधी संपतात.

कोणाला कोणतं?

छोटी वाट आणि दोन-चार पायऱ्या असतील तर १८ इंची दुहेरी कामाचं एक फावडं पुरेसं आहे.

एका गाडीचा सपाट ड्राइव्हवे असेल तर ढकलायला २४ इंची आणि उचलायला १४ ते १६ इंची, अशी दोन. बहुतेक घरांसाठी हीच जोडी योग्य.

दोन गाड्यांचा लांब ड्राइव्हवे असेल, पुढे मोकळी जागा असेल, तर घसरगाडीचं फावडं आणि जोडीला उचलायचं छोटं फावडं.

गाडीच्या डिकीत घडीचं छोटं फावडं एक वेगळं ठेवावं. रस्त्यात अडकलं तर चाकांपुढचा बर्फ काढता येतो. इंजिन चालू करण्याआधी गाडीच्या धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही ना, हे आधी पाहायचं. नळी बुजली तर विषारी वायू गाडीत शिरतो.

काढायची पद्धत

फावडं चांगलं असूनही पद्धत चुकली तर उपयोग नाही. बर्फ थांबायची वाट बघत बसू नका. ३० सेंटीमीटर पडणार असेल तर १०-१० सेंटीमीटरला तीनदा ढकलणं सोपं. एकदम सगळा काढायचा तर ढकलणं जमत नाही, उचलावंच लागतं.

आधी आत पाच-दहा मिनिटं हातपाय हलवून अंग गरम करा. एक पाय पुढे ठेवा, गुडघ्यातून वाका, भार पायांवर घ्या. एक हात वरच्या मुठीवर आणि दुसरा पात्याजवळ. फावडं अर्धंच भरा. बर्फ टाकताना कमरेतून पिळू नका, पाय वळवून संपूर्ण शरीर फिरवा. खांद्यावरून मागे कधीच फेकू नका. उचलताना श्वास रोखू नका. दर पंधरा मिनिटांनी थांबा, पाणी प्या. थंडीत तहान जाणवत नाही, पण घाम येतोच.

नगरपालिकेचा ट्रक रस्ता साफ करत गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी एक बांध टाकून जातो. हा बर्फ दाबलेला, मीठ-पाण्याने भिजलेला, म्हणजे सगळ्यांत जड. यासाठी मोठं फावडं नको. लहान फावड्याने वरून थोडा थोडा काढा. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बर्फाचा ढीग आपल्या उजव्या हाताला केला तर ट्रक तो पुन्हा वाटेवर आणत नाही.

बर्फ रस्त्यावर लोटू नका. शिकागोत तो गुन्हा धरतात, दंड होतो. घरासमोरचा फुटपाथही तिथे घरमालकानेच साफ करायचा असतो, निदान ५ फूट रुंद. रात्री पडलेला बर्फ सकाळी १० पर्यंत काढावा लागतो. चाकाची खुर्ची, बाबागाडी, काठी टेकत चालणारं माणूस, सगळ्यांना जाता आलं पाहिजे. इतर शहरांचे नियम वेगळे असतात, आपल्या गावचा नियम पाहून ठेवावा.

फावडं कोणाच्या हातात द्यायचं नाही

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगते. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींचा अभ्यास झाला. बर्फ काढताना दुखापत होऊन किंवा तब्येत बिघडून दर वर्षी सरासरी ११,५०० लोक तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्यात आले. सर्वाधिक दुखापती कमरेच्या. आणि दर वर्षी सुमारे १०० मृत्यू, ते सगळे हृदयाच्या कारणाने. क्युबेकमधला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २० सेंटीमीटर बर्फ पडल्यानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला दिसला. स्त्रियांमध्ये तशी वाढ दिसली नाही. बर्फ काढायला बहुतेक पुरुषच जातात, हे त्याचं कारण असावं असं संशोधकांना वाटतं.

असं का होतं? थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. काम मुख्यतः हातांनी होतं, आणि पायांनी चालण्यापेक्षा हातांच्या कष्टाचा हृदयावर ताण जास्त येतो. वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्याने दाब आणखी चढतो. आणि हे सगळं बहुधा सकाळी लवकर, महिनोन् महिने बसून राहिलेल्या शरीराकडून करून घेतलं जातं.

म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, जे सिगारेट ओढतात, ज्यांना चालताना धाप लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फावडं हातात घेऊ नये. हिवाळ्यात मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांनी तर नाहीच. शेजारचा तरुण मुलगा पैसे घेऊन हे काम करतो, त्याला द्यावं. विजेवर चालणारं बर्फ फेकायचं यंत्रही मिळतं, पण तेही ढकलावं लागतं, म्हणून हृदयाच्या रुग्णाने ते वापरण्याआधीही डॉक्टरांना विचारावं.

काम करताना छातीत दडपण आलं, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखू लागली, थंडीतही दरदरून घाम सुटला किंवा चक्कर आली, तर "एवढा कोपरा संपवतो" म्हणू नका. फावडं तिथेच टाका, आत या आणि अमेरिका-कॅनडात असाल तर ९११ ला फोन करा.

थोडी देखभाल

काम सुरू करण्याआधी पात्यावर सिलिकॉन स्प्रे किंवा घरातलं खाण्याचं तेल फडक्याने पुसून घ्या, ओला बर्फ चिकटत नाही. वापरून झालं की मिठाचं पाणी धुऊन फावडं कोरडं करा. पहिला बर्फ पडण्याआधी पात्याला तडा गेलाय का आणि स्क्रू ढिले आहेत का ते पाहा. फावडं घराच्या आत, दाराजवळ ठेवा. बर्फ दारापर्यंत चढल्यावर अंगणातल्या शेडमधलं फावडं आणणार कसं?

साफ केलेल्या वाटेवर पातळसा थर उरतो आणि त्याची काच होते. त्यावर मीठ टाकतात. साधं खडेमीठ उणे १० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात. नुसती घसरण कमी करायची असेल तर वाळूही चालते.

त्या दिवशी मी अब्बूंशी फोनवर बोलले. आधी त्यांना राग आला. मग मी म्हटलं, "हिशेब करा, तुमच्या समोर सिमेंटच्या किती गोण्या पडल्यात?" त्यांनी हिशेब केला. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, जावईबापू आल्यावर बघतील." जावई संध्याकाळी आले, त्यांनी अर्ध्या तासात वाट मोकळी केली. त्या आठवड्यातच त्यांनी १६ इंची छोटं फावडं आणि २४ इंची ढकलायचं फावडं आणलं. दोन्ही फावड्यांचे दांडे जावयाच्या उंचीला बसतील असे पाहून घेतले.